घोटातला घोट

११ जानेवारी
आले एकदाची! अक्कलकोट रोडची एमआयडीसी मागं टाकून वळसंगकडं निघालं, की उघड्या माळावर आमचं वसतिगृह, ‘कारभारी निवास’. शहरात नवी पेठेतून बादली आणि चटई विकत घेऊन रिक्षानं उतरले, तर सगळी पोरं-पोरी दारात वाट बघत उभी. वसतिगृह चालवणारे शांतवनसर ख्रिस्ती, पण धर्म कुणाचा विचारत नाहीत. देवानं माणसाला सृष्टीचा मालक नव्हे, कारभारी नेमलंय, असं म्हणाले. म्हणून अंघोळीचं पाणी परसात, खरकटं खतात आणि पंखा गरजेपुरता. मी धनगराची पोर, पाणी जपायला मला कुणी शिकवायला नको. तरी ऐकून बरं वाटलं. खोलीत अंकिता आहे. बडबडी आहे, चिवडा लपवून ठेवते. जमेल आमचं.

१८ जानेवारी
रविवारच्या प्रार्थनेनंतर मला लिंबाचं रोप मिळालं. इथली रीत अशी, की रोपाला आपल्या माणसाचं नाव द्यायचं आणि रोज स्वतःच्या प्यायच्या तांब्यातलं थोडं पाणी ते नाव घेऊन मुळाशी ओतायचं. घोटातला घोट म्हणतात त्याला. नाव मात्र जित्या माणसाचंच हवं. गेलेल्यांची काळजी देवाकडे, जित्यांची आपल्याकडे, असं सर म्हणाले.

अंकितानं वडिलांचं नाव दिलं. मी सोनम म्हटलं. सरांनी विचारलं, कोण? धाकटी बहीण, म्हटलं. खोटं कुठं होतं त्यात? आमच्याकडं गेलेल्या माणसासाठी पाणी ठेवतातच की. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात पाणी पाणी करत गेली माझी सोनू. डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. मी नुसता ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवत बसले होते.

९ फेब्रुवारी
सोनूचं रोप माझ्या खांद्याला लागलं, बाकीच्यांची अजून वीतभर. हिनं घरून लेंडीखत चोरून आणलंय म्हणून सगळे चिडवतात. मी हसते. पण ओतलेल्या पाण्याची ओलही मागं राहत नाही. घटाघटा आवाज येतो. आज दुपारी कपडे वाळत घालताना स्पष्ट ऐकलं, “आक्का, आनखी दे की. लई तान लागलीया.”

मी सगळा तांब्या उपडा केला. घाबरायला हवं होतं. मी आनंदानं रडले.

२६ फेब्रुवारी
ओठ फुटलेत. कितीही प्यायले तरी घसा कोरडा. माझं जाऊ दे, अंकिताकडं बघवत नाही. तिचं रोप जळालं. भरून ठेवलेली बाटली हात न लावता रिकामी होते. बडबड बंद. चिवडा तसाच पडलाय.

८ मार्च
अंकिताला दवाखान्यात नेलं. अंगात पाणी ठरत नाही म्हणे. सरांनी विचारलं, सोनम कुठं असते? सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, त्यांचेच डोळे भरले. म्हणाले, गेलेल्याची तहान भागत नाही, ती जित्यांचं पाणी ओढते. ज्यानं नाव दिलं त्यानंच उपटायचं. तू तिला सोडलंस, तरच अंकिता वाचेल.

१० मार्च
भर दुपार. बुंधा धरला. कोमट — तापातल्या मनगटासारखा. ओढला. ती म्हणाली, “त्यांनी पानी दिलं न्हाय. तू बी न्हाय देनार व्हय, आक्का?”

हात सुटला माझा. नाही जमलं.

११ मार्च
सरांचा फोन. अंकिता पाणी मागतेय. प्यायली की उलटतेय, म्हणून डॉक्टर देऊ देत नाहीत. तिची थोरली बहीण उशाशी बसलीय. कापूस घेऊन —

नको. आणखी एका आक्काला ते नको. आज उपटणारच.

नंतर
रोपाजवळ बसलेय. वही मांडीवर. एकच तांब्या पाजते, शेवटचा. तहानलेली कशी पाठवू तिला? मग उपटते —

पितेय. सावकाश गं सोनू, ठसका लागेल —

मुळं मनगटाला — थंड —

झालं ना पिऊन? आता सोड हात. सोड ना, सोन्या, अंकिताला पण तहान —