बेटावरची खोली आणि माझं जेवण

मंगळवार, ९ जानेवारी, संध्याकाळ

बेटावर जाऊन राहायचं कुठं, ते आज प्रशांतनं परस्पर ठरवलं. वाळूला लागूनच एका बाईचं घर आहे, खोली आणि जेवण दोन्ही मिळतं. तिथंच राहू, असं मी महिनाभर म्हणतेय. पण पोरगा फोनवर तिला म्हणाला, "आई मासे खात नाही," आणि समुद्रसुद्धा दिसत नाही असं एक शाकाहारी लॉज घेऊन मोकळा झाला.

आई खात नाही. कोण म्हणालं? हे गेले तेव्हा तेराव्याला थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आता हिचं मासं-मटन बंद, बरं का." मी गप्प बसले. सहा वर्षं झाली, त्या गप्प बसण्यालाच सगळे माझा नेम समजतात. हे पैठणहून मरळ आणायचे, मी कालवण करायची, ते कुणालाच आठवत नाही?

प्रशांतला तसं म्हटलं, तर म्हणतो, "ह्या वयात कशाला, आई? मोठी आई लई बोलंल."

मोठी आई काय बेटावर येणार आहे?

आई खात नाही म्हणे! शेवटी मीच त्या बाईला फोन लावला. म्हटलं, "मी खाते. खोली ठेवा."

ती हसली. "ठेवतंय, मावशी. सुरमय करू काय बांगडो?"

आम्ही गोड्या पाण्याची माणसं, मला त्यातलं काय कळतंय? म्हटलं, "ज्याला काटे कमी, ते करा."

काटे काढून माझ्या ताटात ठेवणारा माणूस आता नाही, हे तिला कशाला सांगू.