अर्पणपत्रिकेतलं नाव

प्रिय केया,

तुझ्या पुस्तकाची मुद्रितं मिळाली, आणि सोबतची चिठ्ठीही: अर्पणपत्रिकेत माझं नाव घालायचंय, छपाईला जायच्या आत होकार कळव. होकार द्यायला दोन मिनिटं पुरली असती. मी तीन आठवडे घेतले.

पुस्तक वाचलं, अगदी तळटीपांसकट. तुझी वाक्यं अजून अर्ध्या पानाची असतात, बाई. वाचणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा? एम.ए.ला तू रशियन धर्मचिंतकांचा विषय घेतलास तेव्हा मी तुला किती पिडलं होतं. आपल्याला काय करायचेत त्यांचे देव आणि त्यांचे झार, म्हणायचे. आता शारजात, ऑफिसच्या एसीत शाल गुंडाळून, जेवणाच्या सुट्टीत तेच वाचत होते. राज्य लागतंच, पण ते माणसाला वाईट करण्यापासून अडवतं, चांगलं बनवू शकत नाही, हे पटलं. माणसं प्रेमाने एकत्र येतात किंवा नुसता ढीग होतात, आणि ढिगात आधी चेहरा जातो, हेही पटलं. पण कुठलाही एक माणूस साऱ्या समाजाहून लहान नसतो, या वाक्यापाशी मी अडकले.

इथे कामगारांच्या राहण्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात एका खोलीतल्या सात जणांनी अर्ज दिला: आठवा, भिवा, आम्हाला नको. का, तर तो पहाटे मोठ्याने पोथी वाचतो. कॅम्पचा सुपरवायझर यहया, आपल्या रत्नागिरीचा, म्हणाला, "मॅडम, सबका साइन आहे, ट्रान्सफर करून टाका, खलास." मी करणारच होते. मग तुझं ते वाक्य आठवलं आणि सातही जणांना एकेकटं बोलावलं. एकाचीही तक्रार निघाली नाही. एक तर म्हणाला, त्याच्या आवाजाने जाग येते, बस चुकत नाही. मग सही का केली? बाकीच्यांनी केली म्हणून. सातही जणांनी हेच सांगितलं, पहिली सही करणाऱ्यानेसुद्धा. भिवा आहे तिथेच राहिला. मला मात्र तेव्हापासून जेवण जात नाही.

प्रस्तावनेत तू आपल्या वसतिगृहाचं लिहिलंयस. मुलींनी मेसवर बहिष्कार घातला आणि स्वयंपाकीणबाईंची नोकरी जाईल म्हणून तू एकटी तिथे जेवत राहिलीस. तुला काढा, असा अर्ज गेला. तू गावाबाहेर खोली घेतलीस, टायफॉइडने पडलीस, वर्ष बुडालं. त्या अर्जावर सही न करणारी एकच मैत्रीण होती, असं तू म्हणतेस. तुझी गादी रिक्षात चढवायला मी आले होते, म्हणून तुला तसं वाटलं असणार.

केया, रेक्टरबाईंनी तुला अर्जाचं पहिलंच पान दाखवलं. माझी सही दुसऱ्यावर होती. मला कुणी दटावलं नव्हतं, तुझा रागही नव्हता. कागद पुढे आला, वर चाळीस नावं होती. सही केली आणि चहाला गेले. गादी उचलताना सांगणार होते. तू म्हणालीस, एक तरी माणूस निघालं, आणि मी गप्प बसले. त्याला तेवीस वर्षं झाली. मला फार लाज वाटते. अर्पणपत्रिकेत माझं नाव नको. प्रस्तावनेत 'मुलींनी सह्या केल्या' असं मोघम लिहिलंयस, तिथे घाल.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
रंजिता