तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

५ जुलै १९९८, रविवार. पेण.
निर्णय झाला. घरात कॉम्प्युटर घ्यायचा. साधा नव्हे, गेम खेळता येईल असा. बजेट बत्तीस हजार. वर एक रुपया नाही.
कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. ऋतुजा दहावीनंतर रोह्याला मामाकडे राहायला गेली. रोह्याचं कॉलेज चांगलं आहे. शेजारच्या गिरजाबाई म्हणाल्या, "पेणला कॉलेज नाय काय भावजी?" लोकांना शिक्षणातलं कळत नाही.
दर शनिवारी येईन म्हणाली होती. तीन शनिवार गेले, आली नाही. काल फोनवर सांगत होती, दिनेशमामाने टायपिंगच्या कामासाठी कॉम्प्युटर घेतलाय. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम आहे, पण गाडी अडकत अडकत चालते. म्हणजे कारण सापडलं. आपल्याकडची गाडी अडकली नाही की पोरगी शनिवारी हजर.
तिच्या आईला, सगुणाला, जाऊन पाच महिने झाले. त्याचा याच्याशी संबंध नाही.

८ जुलै. सकाळी ६.
जाग लवकर येते. तब्येतीला चांगलं. यादी केली: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, थ्रीडी कार्ड, सीडी ड्राइव्ह, कॅबिनेट, मॉनिटर. नंतर रामवाडीपर्यंत चालून आलो. आल्यावर यादी पुन्हा केली. पुन्हा गेलो.

११ जुलै, शनिवार.
आली नाही. पाऊस होता. (पेणला नव्हता. रोह्याला असेल.)
जागा ठरवली. कॉम्प्युटर सगुणाच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. मशीन आत दुमडून जातं, वरची फळी सागाची आहे. रुंदी मोजली. मॉनिटर चौदा इंचीच बसेल. नवीन टेबलाचा खर्च वाचला. मशीन हलवायचा प्रश्नच नाही, जड आहे.
ड्रॉवर उघडत नाही. दमट हवेने फुगला असणार. जोर लावून पाहिला नाही.

१५ जुलै.
दुकानदार मला बनवू शकणार नाहीत. कंपनीचं स्टोअर अठरा वर्षं सांभाळतोय. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय मी साधा नटबोल्टही घेतलेला नाही. एक कोटेशन पेणचं, एक रोह्याचं, एक पनवेलचं. तक्ता आखला. प्रत्येक वस्तू ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून. लोक सगळं एकाच दुकानातून घेतात आणि फसतात.

१८ जुलै, शनिवार.
आली नाही. कॉलेजचं काहीतरी.
थ्रीडी कार्ड चार एमबीचं की आठ एमबीचं? आठ. रॅममधून कापू. नको, हार्ड डिस्कमधून. नको. पुन्हा तक्ता.

२५ जुलै.
रोह्याला प्रणितच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटर तो जोडून देणार. तिशीचा माणूस, बोलका. तक्ता पाहून हसला. म्हणाला, "काका, ही लग्नाची यादी हाय की काय? बोर्ड माझा नि कार्ड पनवेलचं, असं नका करू. माझ्याकडचंच घ्या, बसेल ते देतो. नाय बसलं तर मग माझ्या नावाने ओरडू नका." त्याच्या कार्डाला साडेचारशे जास्त आहेत, म्हणून त्याला एवढी काळजी. असे विक्रेते रोज पाहतो.
दुकानापासून वरसे पंधरा मिनिटांवर. दिनेशचं घर तिथेच. गेलो नाही. ऋतुजाला सरप्राइज द्यायचं आहे. शिवाय त्या घरात सगुणाचा फोटो नवीन लावलाय म्हणे. तो काय, केव्हाही पाहता येईल.

१ ऑगस्ट.
पनवेलहून कार्ड आणलं. आठ एमबी. खोक्यावर आग ओकणारी गाडी. एसटीत मांडीवर धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, मिठाई काय? होय म्हटलं.

६ ऑगस्ट.
परवा रोह्याहून जोडलेलं कॅबिनेट आणायचंय. प्रणित म्हणतो, थर्माकोलचं खोकं नाही, गाडी करून न्या. गाडी कशाला? पेणच्या माणसाला नाजूक वस्तू न्यायला शिकवायचं?
शेजारी काळुरामचा गणपतीचा कारखाना आहे. सगुणा दरवर्षी त्याच्याकडून एक मूर्ती भावाला पाठवायची, लाकडी खोक्यात, भाताच्या पेंढ्यात बसवून. तेवीस वर्षांत गणपतीचं एक बोट मोडलं नाही. यंदा दोन्ही घरी गणपती नाही. खोकं रिकामंच आहे.
काळुरामने पेंढा भरून दिला. हातावरचा रंग पुसत म्हणाला, "भाऊ, ह्यात गणपतीच जायचा हो. वयनींचा हात फिरल्याशिवाय खोकं कधी बंद केलं नाय मी." मी म्हटलं, पेंढा जरा दाबून भर.

८ ऑगस्ट, शनिवार.
कॅबिनेट आणलं. कार्ड मी घरी बसवणार, एकच तर स्क्रू, म्हणून प्रणितला कॅबिनेटची मागची पट्टी काढून ठेवायला लावली. त्याने हात जोडले. पेंढ्यात घट्ट बसवून एसटीने आणलं. गडबच्या स्टॉपवर कंडक्टर म्हणाला, "बाप्पाचं तिकीट काढलं काय?" लगेजचं काढलं.
ओरखडा नाही. प्रणितला दाखवायला हवं होतं.
ऋतुजाला फोन केला. पंधरा तारखेला झेंडावंदन झालं की ये, काम आहे, एवढंच सांगितलं. "कसलं काम?" "आहे." "बरं." फोन दोघांनीही ठेवला नाही. एसटीडीचं मीटर पळत होतं.

१३ ऑगस्ट.
कार्ड बसत नाही.

१३ ऑगस्ट. संध्याकाळी ७.
कार्ड खरंच बसत नाही. बोर्डाच्या खाचा लांब, कार्डाचा दात आखूड आणि भलतीकडे. बूथवरून प्रणितला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुमचं कार्ड नव्या पद्धतीचं, बोर्ड जुन्या. जुना म्हणून तर स्वस्त पडला." विचारलं, थोडं घासलं तर? म्हणाला, "कानस बाजूला ठेवा आधी."
पनवेलवाला परत घेत नाही. कोटेशनच्या खाली लिहिलंय. मीही स्टोअरच्या पावतीवर तसंच लिहितो.
काळजीचं कारण नाही. कार्डाशिवाय गेम चालेलच. थोडा कमी थ्रीडी.

१५ ऑगस्ट, शनिवार.
ऋतुजा आली. वाळली आहे. दारातच थबकली, मशीनकडे बघत. "आईच्या मशीनवर?" मी म्हटलं, लाकूड चांगलं आहे.
चालू केला. गेमने थ्रीडी कार्ड मागितलं आणि बंद झाला. ती म्हणाली, "मामाचा निदान अडकत तरी चालतो." मग विंडोजमध्ये फुकट येणारा पत्त्यांचा खेळ लावला. अकरा मिनिटं चालला आणि स्क्रीन गोठला. पुन्हा लावला. नऊ मिनिटं.
कॅबिनेट तिनेच उघडलं. डोक्यातली पिन काढून प्रोसेसरच्या पंख्यातून पेंढ्याची काडी ओढली. मग दुसरी. मूठभर निघालं. त्या काढून ठेवलेल्या पट्टीच्या जागेतून आत गेलं होतं. "बाबा, कॉम्प्युटर पेंढ्यात आणलात?" सांगितलं, आईचंच खोकं होतं. ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मी पंख्याकडे पाहत राहिलो. मीही थोडा. धूळ होती.
मग उठून तिने मशीनचा ड्रॉवर ओढला. सहज उघडला.
आत दोऱ्याची रिळं, खडू आणि रबर लावलेले तीस पत्ते. सात-आठच्या खेळाचे. मी आणि सगुणा रोज जेवणानंतर खेळायचो. कमी हात झाले तर पुढच्या डावात तेवढे पत्ते आपल्या हातातून समोरचा ओढणार. रबराखाली चिठ्ठी होती, तिच्या अक्षरात: "यांचे दोन हात कमी. उद्या ओढायचे." तारीख ३० जानेवारी. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं.
ऋतुजाने पत्ते पिसले, वाटले. मी माझे लावत होतो तेवढ्यात म्हणाली, "थांबा. आईचे दोन हात बाकी आहेत. मी ओढणार." आणि ओढले. दोन्ही वेळा एक्का गेला.

१६ ऑगस्ट, रविवार.
नऊ डाव, सात हरलो. संध्याकाळच्या एसटीला बसवून दिलं. खिडकीतून ओरडली, "पाच हात माझे! शनिवारी येते वसूल करायला. चिठ्ठी फाडू नका." स्टँडवर सगळ्यांनी पाहिलं.

१७ ऑगस्ट.
काळुरामने विचारलं, काय भाऊ, कॉम्प्युटर कसा हाय? म्हटलं, उत्तम. मुलगी आता दर शनिवारी येणार. ज्यासाठी घेतला ते काम झालं. खरेदी यशस्वी.
कॉम्प्युटर मशीनवरून उतरवून कॉटखाली ठेवला. डाव मांडायला टेबल लागतं.