बस म्हणायचं काम

१८ जुलै १९८८, सोमवार. शिरपूर

पहिली आली ती शेजारची साबेरा. मी हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती, तर ही दारात, लिंबाच्या लोणच्याची वाटी घेऊन. प्रोफेसरची आई आली म्हणून बघायला आले म्हणाली. मी म्हटलं, बघ बाई, दोन डोळे, एक नाक, बठ्ठं जागेवर शे! अशी हसली की वाटीतलं तेल माझ्या लुगड्यावर. तिच्या पाठोपाठ समोरच्या बेबाबाई. त्यांना आधी यायचं होतं, चपला सापडल्या नाहीत म्हणे. तेवढ्यावरून दोघींची जुंपली. मला इतकं बरं वाटलं! भडगावला आमच्या दारात चार वर्षांत माझ्यासाठी कोण भांडलंय?

साबेराचा नवरा इसाक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. हात भारी आहे त्याचा म्हणतात.

मी आले ती लेकाच्या, पंडितच्या जेवणासाठी. सून कमल फैजपूरला माहेरी आहे. बारा तारखेला नात झाली मला! जावळ म्हणे कपाळावर येतं. अजून पाहिली नाही, पण तीन झबली शिवून झाली. सव्वा महिना झाला की श्रावणातल्या कानबाईच्या सणाला, रविवारी कमल तिला घेऊन येणार.

घर कॉलनीत शेवटचं. पलीकडे नुसता कापूस.

२१ जुलै, गुरुवार

ही वही पंडितने आल्या दिवशीच दिली. म्हणाला, आई, माझ्या यंत्राचे आकडे यात लिहायचे. मी बावन्नाव्या वर्षी चावडीवरच्या वर्गात हिलाल गुरुजींकडे अक्षरं शिकले, ती आज कामाला आली. त्याने फक्त आकडे सांगितलेत, पण जागा एवढी कोरी, ती काय वाया घालवायची?

तर यंत्र असं. मधल्या खोलीत माझ्या बोटाएवढी माणकाची कांडी आहे. अंगठीतलं माणिक असतं मसुराच्या दाण्याएवढं, अन् हे बोटाएवढं! कारखान्यात बनवलेलं आहे म्हणाला, चोराला सांगायची भीती नाही. तिच्यापाशी एक काचेची नळी बसवायची. फोटोवाल्याचा लखकन उजेड पडतो ना, तशी, पण शंभर माणसांचे फोटो एकदम काढावे एवढी. तो उजेड पिऊन माणिक सुईसारखा सरळ लाल किरण सोडतं. लेसर म्हणतात. इसाकने त्याला वीज वाढवायला तार गुंडाळून दिलीय, ती वाढलेली वीज मोठमोठ्या डब्यांत भरायची अन् डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळी नळीत सोडायची.

किती सोडायची, तिथेच सगळं अडलंय. पंडितने मला बैलाचं उदाहरण दिलं. पंधरा पोती लादली तर बैल एकदा ओढेल अन् तिथेच मरेल. चार लादली तर वर्षानुवर्षं ओढेल. नळी पंधराशे ज्यूलला फुटते, ज्यूल म्हणजे जोराचं माप. तो देणार चारशे. म्हणजे काटा हजारावर, काटा ज्यूल नाही, व्होल्ट दाखवतो. तिथे त्याने लाल रेघ मारलीय. अन् काटा दीडपट गेला तर जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. नळी फुटली तर काच छऱ्यांसारखी उडेल, म्हणून मध्ये एस.टी.ची जाड पुढची काच उभी केलीय.

त्याला कळ फिरवताना काटा दिसत नाही. काटा भिंतीवर माझ्यासमोर. नळी माझ्या पाठीमागे, म्हणजे डोळ्यांना त्रास नको. काटा रेघेवर आला की मी बस म्हणायचं. तेवढंच काम. पण पंडित म्हणाला, आई, माझा जीव त्या एका शब्दावर.

डबे बंद केल्यावरही भरलेले राहतात, लाकडी दांड्याच्या तारेने रिकामे केल्याशिवाय हात लावायचा नाही. पाच वेळा सांगितलं. मी काय बहिरी आहे?

२६ जुलै, मंगळवार. ६००

दुपारी तीनला, खिडक्यांना घोंगड्या लावून. अजून माणिक बसवलं नाही, नुसती नळी तपासतोय. मी सहाशेला बस म्हटलं. मागे फट्ट झालं अन् समोरची चुन्याची भिंत दुधासारखी पांढरी. माझी सावली, पंडितची सावली, स्टूल.

अन् दाराकडे एक बाई.

कमरेत वाकडी, पदर डोक्यावर, डावा खांदा पडलेला. असा खांदा भडगावात एकीचाच. आयुष्यभर एकाच कडेवर हंडा वाहिला तिने. वच्छला, माझी मोठी जाऊ. सहा वर्षं झाली तिला जाऊन. कुठेही जायचं तर ही आधी हजर!

पंडितला सांगितलं नाही. म्हणेल डोळ्यांपुढे अंधारी आली.

१ ऑगस्ट, सोमवार. ८००, ९००, १०००

आठशेला वच्छला भिंतीला टेकून बसली. हजाराला पंडितचे आबा, माझे मालक, आले. हात कोपरात वाकडा, बैलगाडीवरून पडले तेव्हा हाड नीट बसलं नव्हतं. दूर उभे होते, पाठ करून. मी किती हसले. पंडितने विचारलं काय झालं, मी म्हटलं गुदगुल्या.

साबेरा येत नाही. आवाजाने तिची शेळी आटली म्हणते. बेबाबाई धुळ्याला मुलाकडे गेल्या, दाराला कुलूप. पंडित सकाळी कॉलेजात जातो. मी भाकरी करते, दोनच. मग तीन वाजायची वाट बघते.

८ ऑगस्ट, सोमवार. १०००

वर हजार लिहिलं, पंडित वरचा आकडाच बघतो. खरं तेराशे.

आधी एकदा उशीर झाला, शिंक आली म्हणून. काटा रेघेपुढे बोटभर गेला, अन् आबा वळले. पाठ करून उभा असलेला माणूस अठरा वर्षांनी माझ्याकडे वळला. दुसऱ्या वेळी शिंक आली नव्हती.

आज दोघं पुढे सरकून बसले. मला त्यांच्याशी बोलायचं होतं की नात झाली. पण उजेड लवकर जातो. आणखी जोर दिला तर जरा जास्त वेळ राहतील, नाही का.

नळीचं एक टोक काळं पडलं. पंडित म्हणाला, हजाराला असं व्हायला नको. मी भांडी घासायला गेले.

१३ ऑगस्ट, शनिवार. १०००

खरं काटा पंधराशेवर होता, जोर सव्वादोनपट.

पंडित माझ्या मागे स्टुलावर बसला होता. बसलाच होता, स्टूल करकरलं मी ऐकलं. भिंतीवर त्याची सावली उठली. आबांनी वाकडा हात पुढे केला अन् ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

उजेड गेला तेव्हा वळून पाहिलं. पंडित स्टुलावर. घाम पुसत होता. विचारलं बरं आहे का, म्हणाला थंडी वाजते.

मला वाटत होतं माझ्यासाठी येतात.

१६ ऑगस्ट, मंगळवार. ४००

चारशेलाच बस म्हटलं. ओरडलेच. तो म्हणाला नळी नीट पेटली पण नाही. एवढ्याशा उजेडाला कोणी येणार नाही वाटलं होतं, तर तिघं होते. वच्छला, आबा, अन् पंडित. स्टुलाची सावली रिकामी, वर भिंत नुसती पांढरी.

जेवला नाही. खरे आकडे सांगायला पाहिजेत. नळीने किती सोसलं त्याला कळायला पाहिजे. जीभ उचलत नाही —

१८ ऑगस्ट, गुरुवार

आज कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. आमच्यात घरच्या दर माणसाच्या नावाने सव्वा मूठ. परक्याचं धरत नाहीत. गेलेल्याचं तर नाहीच. मी, पंडित, कमल, छोटी. चार. हात थांबला नाही. आणखी दोन घेतल्या. परत टाकायला गेले तर ओळखू येईना कोणते दाणे.

पंडित कॉलेजातून आला. सुपात पाहिलं. हळूच विचारलं, आबांचं धरलं ना?

मी खाली बसले.

तोही त्या सावल्या पहिल्या दिवसापासून बघतोय. काटा पुढे जातो तेही माहीत होतं, कळ किती फिरते ते हाताला कळतं म्हणाला. तरी कळ फिरवत राहिला. आबा गेले तेव्हा नऊ वर्षांचा होता. म्हणाला, ह्या घरात संध्याकाळी कोणाशी बोलू मी? मग म्हणाला, रविवारी एकोणीसशेला नेऊ.

मी पंधरा पोत्यांच्या बैलाची आठवण करून दिली. हसला.

मी बस म्हणत नव्हते, म्हटलं असतं तरी तो ऐकणार नव्हता. मग आता बस कोण म्हणणार —

१९ ऑगस्ट, शुक्रवार

इसाक मोटारीच्या कामाला फैजपूरला निघाला. त्याच्या हाताला धरून सांगितलं, कमलला म्हणा रविवारी येऊ नको. छोटीला घेऊन अजिबात नको. कारण विचारलं. म्हटलं घरात आजारपण आहे.

खोटं नाही.

नळीच्या काळ्या टोकाला केसासारखी चीर. पंडितला दाखवली. हो म्हणाला. बघितलीय.

२० ऑगस्ट, शनिवार

तो कॉलेजात गेला की नळी काढून आडात टाकायचं ठरवलं होतं. वरवंटा पण घेतला. पंडितने डबे भरून ठेवलेत. लाकडी दांडा लपवलाय. हात लावता येत नाही —

खोलीत कोणी नाही. कळीला कोणी हात लावला नाही. फट्ट झालं.

भिंतीवर पंगत. आबा, वच्छला. मध्ये पंडित, मांडी घालून. मान खाली, जेवायला बसतो तशी. हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही. आबांनी पाहिलं —

दारात पावलं वाजली. पंडित आला, लवकर कसा — चटया झटकतोय. मोजून टाकतोय.

पुन्हा उजेड. वच्छला बोलली. कानातल्या घणघणीत ऐकू आलं, नीट —

लिहून ठेवते. उद्या. रविवार, एकवीस ऑगस्ट. दुपारी तीनला आम्ही जेवायला येतो म्हणाली, अन् जाताना आमचा माणूस घेऊन —