दबलेली फणी

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज कागद घेतला, कारण घरात बोलायला दुसरं कोणी नाही. आईला सगळं सांगता येत नाही, आणि तुमचा मुलगा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलाय.

पावडरसोबत तो पकडला गेला तेव्हा कोर्टाने तुरुंगाऐवजी उपचारांच्या अटीवर त्याला सोडलं. दर आठवड्याला धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात हजेरी, आणि हमीपत्रावर सही माझी. सात महिने मी पिंप्राळ्याहून त्याच्यासोबत एसटीने गेले. मग ऑफिसात रजा मिळेना. दोनदा त्याला एकट्याला गाडीत बसवून दिलं आणि दोन्ही वेळा तो मध्येच पारोळ्याला उतरला. पुन्हा पावडर घेतली. काल त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकारी बाईंनी आम्हाला बोलावलं. त्यांचा अहवाल कोर्टात जाणार, आणि त्यावर त्याचं आत जाणं ठरणार.

“टायफॉइड झालता म्हण ना ताई. कोण बघायला येतंय?” जाताना तो म्हणाला. मी तर ओळखीच्या डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी आधीच आणली होती. ऑफिसातला पेनसुद्धा चुकून घरी आला तर जिला जेवण जात नाही, ती मी.

बाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले आणि रावेरचा आपला केळीचा मळा आठवला. कापणी चालली आहे, मी नऊ वर्षांची. हा पानांवर मांडलेल्या केळ्यांच्या फण्यांवर उडी मारतो. त्याला मार बसू नये म्हणून मी दबलेली फणी खोक्याच्या तळाशी सारते, वर चांगल्या रचते. तुम्ही खोकं बंद करण्याआधी नेहमीसारखा तळापर्यंत हात घालता. “कायले लपवते वं? हिच्यापायी आख्खं खोकं वाटेतच पिकीन.” ओरडलात, पण फणी फेकली नाहीत. घरी आणलीत, आईने तिची भाजी केली, आणि सगळ्यात जास्त ह्यानेच खाल्ली.

आत गेल्यावर बाईंनी विचारलं, “दोन हजेऱ्या चुकल्या. आजारी होता का?”

“नाही. पुन्हा घेतली त्याने.”

“लिहून द्याल?”

दिलं. खाली विनंतीही लिहिली, की तुरुंगाऐवजी केंद्रातच भरती करून घ्यावं. त्या म्हणाल्या, “मी शिफारस करीन. पण कोर्ट ऐकेलच असं नाही.”

जिन्यात तो एवढंच बोलला, “तू माही बहीण हाये का पोलिसाची?” परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी असून तो मागे जाऊन बसला. कालपासून जेवलेला नाही. ताट दोनदा वाढून झाकून ठेवलं.

आबा, फणी बाहेर काढल्यावर ती घरी आणणं तुमच्या हातात होतं. माझ्या हातात ते नाही. सोमवारी तारीख आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: डॉक्टरांची ती चिठ्ठी मी अजून फाडलेली नाही. पर्समध्येच आहे.