तुमचा एसी, माझी लेक

सोनपेठ,
दि. १६ मे २०२४

प्रिय विहीणबाई,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याहीभाऊंना भर उन्हात बाहेर पडू देऊ नका. साक्षीच्या पायांवरची सूज उतरली का, तेही कळवा. फोन तर रोजच होतो, पण साक्षी स्पीकर लावून बसते आणि मला जे बोलायचं आहे ते तिच्यासमोर बोलायचं नाही. साक्षीचे पप्पा उद्याच्या एसटीनं परभणीला येत आहेत. हे पाकीट ते तुमच्याच हातात देतील.

तर मुद्दा असा की साक्षीला आता इकडे पाठवून द्या. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या लेकीचं तुम्ही केलंतच की. खोली तयार आहे. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घेतले, वरून हिरवी जाळी बांधली. खिडकीला वाळ्याचा पडदा लावलाय. कूलर नवाकोरा, मोठ्या टाकीचा. असा गारवा सुटतो की पहाटे पांघरूण ओढावं लागतं. एसीच्या कोंडलेल्या हवेपेक्षा बाळंतिणीला हेच बरं, असं माझं मत आहे.

एसीचा विषय निघालाच आहे तर बोलून घेते. साक्षीला दिवस गेले आणि तुम्ही तिच्या खोलीत एसी बसवलात. गल्लीत मी सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले, आणि घरात येऊन भांड्यांची आदळआपट केली. हे म्हणाले, "अगं, पोरगी गारव्यात झोपायलीय, त्यात तुझं काय जायलंय?" माझं काय जातंय ते ह्यांना कळणार नाही. साक्षी फोनवर सांगते, आईंनी ताक करून दिलं, आईंनी डोक्याला तेल लावलं, दुपारी आईंच्या मांडीवरच डोळा लागला. मी "हो का, बरं झालं" म्हणते. मांडी मलाही आहे, विहीणबाई. गेल्या आठवड्यात तर तुम्हीच म्हणालात, "तुमी कायबी काळजी करू नका, ती आता आमचीच लेक हाय." तुम्ही चांगल्या मनानंच म्हणालात. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मी तुमच्या लाईटबिलाचीसुद्धा वाट बघत होते. बिल बघून भाऊ एसी बंद करायला लावतील, अशी आशा होती. भाऊ कसले बंद करतात! मग परवा साक्षीचा फोन आला, "मम्मी, इथं दुपारपासून लाईट न्हाई, जीव नुसता घाबरा व्हायलाय." ते ऐकून मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग ध्यानात आलं की त्या बंद खोलीत माझीच पोर आहे, नववा लागलेली. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी असं झालं मला.

इथवर लिहून झालं आणि ह्यांनी पत्र वाचायला मागितलं. वाचून म्हणाले, "कूलरचं खरं काय ते लिही. न्हाईतर मी हे पत्र नेणार न्हाई." आता लिहावंच लागेल.

कूलर दिवसा गार करतो, एवढं खरं. संध्याकाळी मात्र आमच्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या गल्लीचा लोड येतो. घरोघरी कूलर, फ्रिज, पाण्याच्या मोटारी, आणि कोपऱ्यावरच्या घरांत आता एसीही आलेत. व्होल्टेज इतकं पडतं की कूलर नुसता गुरगुरतो, पातं काही फिरत नाही. चुना आणि जाळी लावून थोडा फरक पडतो, पण भिंती तापलेल्याच राहतात. साक्षी लहान असताना याच खोलीत दार उघडं टाकून आम्ही निवांत झोपायचो. तसा उन्हाळा आता राहिला नाही.

एप्रिलमध्ये डोहाळजेवणाला साक्षी आली ती बाळंतपण होईपर्यंत राहायलाच आली होती. तिला करमेना म्हणून परत गेली, असं तुम्हाला आम्ही सांगितलं. तसं नव्हतं. एका संध्याकाळी व्होल्टेज पडलं आणि तिला भोवळ आली. मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते, पुठ्ठ्यानं वारा घालत होते. डोळे उघडून ती म्हणाली, "मम्मी, मला घरी जायचंय." मी म्हटलं, "अगं, घरीच तर हायस की." तिनं कूस बदलली. सकाळी धम्मानंदराव गाडी घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. तुम्हाला काही सांगू नका म्हणून जावयांना मीच गळ घातली.

तेव्हापासून तर मी तुमच्यावर जास्तच जळते. तुम्ही काही हिसकावून घेतलं नाहीत, उलट माझ्या पोरीला जपलंत. तरीही जळते. तुम्ही जरा वाईट असतात तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा वर काहीही लिहिलेलं असो, साक्षीला पाठवू नका. मीच तिकडे येते. लेकीच्या सासरी मुक्काम टाकायला मला संकोच वाटतो, म्हणून तुम्ही बोलवा. तुमचं बोलावणं असलं म्हणजे गल्लीत मला सांगता येईल. मला एसीची खोली नको, स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं तरी चालेल. ह्यांच्याजवळ निरोप द्या.

आणि एक मागणं आहे. दवाखान्यात नर्स बाळ घेऊन बाहेर येईल आणि विचारेल, आजी कोण? तेव्हा तुम्ही जरा मागे थांबा. बाळ पुढे तुमच्याच घरी, तुमच्याच गारव्यात वाढणार आहे. पहिल्यांदा तेवढं माझ्या हातात येऊ द्या.

तुमच्या बोलावण्याकडे डोळे लावून बसलेली,
साक्षीची आई
धम्मशीला