गव्हर्नरचे दहा दिवस

दुबई, रविवार, २१ फेब्रुवारी १९६५

प्रिय अन्वर,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला, कमरुद्दीनमामूंनी शारजाच्या हमदुल्लाचं स्थळ आणलं.
२. अब्बांनी सगळ्यांसमोर माझी मर्जी विचारली. मी काही बोलले नाही.
३. आपल्याकडे मुलगी गप्प राहिली म्हणजे होकार. मामूंनी साखर वाटली.

मुंबईच्या धक्क्यावर तू माझ्या हातात जे पुस्तक ठेवलंस, अमेरिकेतल्या त्या जुन्या गव्हर्नरचं चरित्र, ते या वर्षात मी तीनदा वाचलं. दिवसभर ऑफिसात खाडीचे नकाशे ट्रेस करते. संध्याकाळी अब्रा होडीत बसून बर दुबईला परतताना तो गव्हर्नर समोरच्या फळीवर असतो. उंच टोपी गुडघ्यावर, नजर पाण्यात. खाडीवर धुकं असलं की काठ दिसत नाहीत, आणि ही त्याची नदी की आपली खाडी, ते मला नीट सांगता येत नाही.

तोही आपल्याच धंद्यातला. सोळाव्या वर्षी जमीनमोजणीची साखळी ओढली, मग कायदा शिकला, एक्केचाळिसाव्या वर्षी गव्हर्नर झाला. शाळा काढल्या, पूल बांधले. मग नदीकाठची एक वस्ती उठवून जमीन रेल्वेला द्यायचं विधेयक त्याच्या टेबलावर आलं. सही करायची किंवा परत पाठवायचं, मुदत दहा दिवस. त्याला ते पटलं नव्हतं, पण पक्षातली माणसं दुखवायची नव्हती. तो नुसता बसून राहिला. मुदत संपली आणि सहीशिवायच कायदा झाला. पुढची निवडणूक तो लढला नाही. म्हातारपणी दर वसंतात तो त्या काठावर जायचा आणि तिथे नसलेल्या घरांची मापं वहीत लिहायचा.

हे सगळं माहीत असून मी त्या शुक्रवारी चटईचे चौकोन मोजत बसले. हमदुल्ला वाईट माणूस नाही. मी त्याचा विचार करत नव्हते, एवढंच.

दहाव्या दिवशी अब्बांना सांगितलं, की तो होकार नव्हता. मामू म्हणाले, पोरीला मुंबईला शिकायला पाठवलीत तेव्हाच मी बोललो होतो. अब्बा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गुरुवारी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, “दुसरं कुणी आहे का?”

मी म्हणाले, “विचारून सांगते.”

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, महिनाभर थांबतो, त्यानंतर हमदुल्लाच्या घरी हो कळवीन.

धक्क्यावर तूही गप्प होतास. त्याचा अर्थ मी लावलेला नाही. म्हणून विचारते: माझ्याशी निकाह करशील का? हो किंवा नाही, जे असेल ते गुरुवार, १८ मार्चपर्यंत माझ्या हाती पडेल असं लिही.

उत्तराच्या आधीही तुझीच,
शहरबानू